बारावं कार्ड

"अकराच?" टेबलावर पडलेली कार्डं बोटाने मोजत मोहनसिंगने विचारलं.

"अकरा." देवमन तायडेने दाभणावर लटकलेला जाडजूड गठ्ठा आणखी एकदा झटकला. काही पडलं नाही. "धनज, गोळ्या चालू, अकरा मानसं. मागच्या महिन्यात अकरा, त्याच्या मागच्या महिन्यात अकरा. तुले बारावं कुठून आणून देऊ?"

"बारावी एक बाई हाय, बाबू." मोहनसिंगने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणजे तो लवकर जाणार नव्हता. "काल धनजले गेल्तो, त ते सायकलीच्या आडवी आली. हाताले फडकं गुंडाळेल. म्हने, माह्या गोळ्या? म्या म्हटलं, नाव सांग. गोजरा म्हने. म्या कागद पाह्यला, गोजरा नाई. म्हटलं, बाई, तुह्यं नाव नाई इथं. त म्हने, कारंज्याच्या डब्यात पाहा, माह्यं कार्ड हाय तिथं."

"नवीन असन. डॉक्टरले दाखवाले आण तिले."

"नवीन बाईले डबा कसा मालूम, बाबू?"

देवमनच्या कपाळावर आठी पडली. मोहनसिंग हा सायकलवर बत्तीस गावांत गोळ्या वाटत फिरणारा बंजारा गडी, बोलायला भोळसट, पण त्याचा प्रश्न बरोबर ठिकाणी लागत असे. केंद्रात येऊन गेलेल्या माणसालाच डब्याची गोष्ट माहीत असणार. आणि केंद्रात येऊन गेलेलं माणूस डब्यात नाही, असं होणं देवमनच्या हिशेबात बसत नव्हतं.

कारण तो डबा देवमनचा होता. म्हणजे संस्थेचा होता, पण त्याच्याजवळ जायची हिंमत देवमनखेरीज कोणी करत नसे. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत संस्थेने कुष्ठरोग्यांसाठी केंद्र काढलं होतं. त्याला चांगलं लांबलचक नाव होतं, पाटीही होती. लोक मात्र त्याला गोळ्यांचं ऑफिस म्हणत आणि त्या पाटीसमोरून जाताना पावलं जरा भरभर उचलत. आतल्या खोलीत डॉक्टर बसत, बाहेरच्या खोलीत देवमन आणि डबा.

डबा लाकडाचा, चार खणांचा. त्यात दोन हजार तीनशे कार्डं, आणि प्रत्येक कार्ड म्हणजे एक माणूस. कार्डाच्या चारही कडांना ओळीने भोकं पाडलेली. माणूस बाई असेल तर अमुक भोकाची कड चिमट्याने कापायची, म्हणजे त्या भोकाची खाच होते. गोळ्या चालू असतील तर तमुक भोकाची. मग गठ्ठा सरळ करायचा, हव्या त्या भोकातून दाभण आरपार घालायचा आणि उचलून हलवायचा. खाच कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची दाभणावर लटकून राहतात. दोन हजार माणसांतली नेमकी अकरा माणसं एका मिनिटात हातात येतात. नागपूरहून डब्यासोबत एक चकचकीत सुईही आली होती. ती पहिल्याच वर्षी वाकली, तेव्हा देवमनने बाजारातून पोती शिवायचा दाभण आणला, आणि तो काही वाकला नाही.

पण कोणतं भोक कशाचं, हे कोणाच्या लक्षात राहणार? डॉक्टर विसरत, मोहनसिंग तर आठवायच्या भानगडीतच पडत नसे. म्हणून एकाहत्तर साली देवमनने एक वही केली. त्या वहीला सगळे 'विचारायची वही' म्हणू लागले. पान उघडायचं, आपला प्रश्न शोधायचा, त्याच्यापुढे लिहिलेल्या आकड्याच्या भोकात दाभण घालायचा. भोकं कशी पाडली, का पाडली, हे विचारणाऱ्याला कळायची गरजच उरली नाही. दोन वर्षांनी त्याने दुसरी वही केली. लोक कार्डं उलटी धरतात हे त्याने पाहिलं होतं, म्हणून कार्डाचा कापलेला कोपरा कोणत्या बाजूला यायला हवा, त्याचं चित्र पहिल्याच पानावर काढलं. जे प्रश्न कोणी विचारत नव्हतं ते गाळले. जे रोज विचारले जात ते पुढे आणले. वाशीमकडच्या एका केंद्राने ती वही उतरवून नेली, मग आणखी तिघांनी नेली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या कारकुनाची वही डॉक्टर लोक उतरवून घेत होते. देवमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि ते चढावं असंच काम ते होतं.

तिसरी वही पंचाहत्तरची.

त्या वर्षी केंद्राकडे गावं वाढली. आधी अडतीस होती, ती एकशे चाळीस झाली. पार शिरपूरच्याही पलीकडची गावं कारंज्याच्या डब्यात आली. पहिल्या पद्धतीत एका गावाला एक भोक होतं. आता इतकी भोकं आणायची कुठून? देवमन तीन आठवडे बेरजा मांडत बसला आणि त्याला युक्ती सापडली. प्रत्येक गावाला क्रमांक द्यायचा, आणि त्या क्रमांकातला प्रत्येक आकडा एक, दोन, चार, सात अशा चार भोकांच्या बेरजेतून उभा करायचा. आठ भोकांत एकशे चाळीसच्या एकशे चाळीस गावं बसत नव्हती, म्हणून त्याने बारा भोकं घेतली, तरी वीसच्या वर भोकं मोकळी झाली. नागपूरचे साहेब येऊन पाहून गेले. त्यांनी डॉक्टरांसमोर देवमनच्या पाठीवर हात ठेवला.

फक्त एक गोष्ट त्या युक्तीत बसत नव्हती. पहिल्या वहीपासून देवमनने बायकांच्या कार्डाला दोन गावांच्या खाचा पाडल्या होत्या, एक सासरची, एक माहेरची. अंगावर चट्टा दिसला की बाईची रवानगी माहेरी होते, हे त्याला ठाऊक होतं. सासरचं गाव विचारा की माहेरचं, कार्ड पडायचंच. बेरजेच्या पद्धतीत मात्र एका कार्डावर दोन गावं कापली की त्या दोन बेरजा एकमेकींत मिसळून तिसरंच गाव तयार होई, जिथे ती बाई कधी गेलेलीही नसे. म्हणून तिसऱ्या वहीत नियम आला, एका माणसाला एक गाव. आणि बाईचं गाव कोणतं? रेशनकार्डावर सासर, मतदार यादीत सासर. देवमनने सासर लिहिलं.

केंद्रात झाडलोट करणारी रंगूबाई तेव्हा, सगळ्यांची नवी कार्डं करून झाल्यावर, जुनी कार्डं पोत्यात भरायला मदत करत होती. ती म्हणाली होती, "बाईमानसाले एकच गाव कसं पुरन, भाऊ? सासरचे हाकलते तवा ते कुठं जाते?"

"रंगूबाई, डब्याले दोन गावं समजत नाईत," देवमन हसून म्हणाला होता.

"मंग डब्याले शिकवा न."

यावर तो आणखी हसला होता. ते हसू आता मोहनसिंगसमोर बसल्या बसल्या त्याला आठवलं.

तो उठला. शिडी लावून माळ्यावर चढला. जुन्या कार्डांची पोती उंदरांनी अजून फोडली नव्हती. त्याने धनजकडच्या गावांचं पोतं खाली घेतलं, धूळ झटकली, पहिली वही कपाटातून काढली आणि वहीत लिहिल्याप्रमाणे सातव्या भोकातून दाभण घातला.

नऊ कार्डं पडली. त्यातली आठ ओळखीची होती, नव्या अकरांतलीच. नववं कार्ड देवमनने खिडकीपाशी नेऊन वाचलं. गोजरा. वय सव्वीस. सासर शिरपूर, माहेर धनज. दोन्ही गावांच्या खाचा त्याच्याच चिमट्याच्या, स्वच्छ कापलेल्या. उजव्या हाताला चट्टा, बोटं शाबूत. गोळ्या चालू.

मग त्याने नव्या डब्यातून शिरपूर काढलं. गोजराचं कार्ड तिथे होतं. तिकडचे फिरते कर्मचारी सेवादास यांनी तीन खेपा घालून शेरा दिला होता, 'गाव सोडले'. त्या शेऱ्याची खाच देवमननेच कापली होती. आणि ती खाच असलेली कार्डं नियमाप्रमाणे आधीच झटकून बाजूला काढली जात, मग ती कोणत्याच यादीत येत नसत. सेवादास खोटं लिहिणारे नव्हते. शिरपूरला सासूने सांगितलं असणार, ती इथं नाही. खरंच नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं होतं आणि दोन वर्षं एक बाई डब्यात असून कोणाला सापडत नव्हती.

"मंग?" मोहनसिंगने विचारलं.

"बाई आपलीच आहे," देवमन म्हणाला.

वही कधी अडखळली असती, दाभण अडकला असता, कार्ड फाटलं असतं तर त्याने शोध घेतला असता. पण डब्याने दर महिन्याला गुमान अकरा कार्डं टाकली आणि देवमनने दर महिन्याला समाधानाने अकरा लिहिलं. त्या आकड्यात कुठे भोक दिसत नव्हतं. उत्तर इतकं नीटस येत होतं की प्रश्न चुकलाय हे कोणाच्या मनात यावं तरी कसं?

त्यानंतरचे दोन दिवस देवमनने दाभणाला हात लावला नाही. जुनं एकेक कार्ड हातात घेऊन, दोन गावांच्या खाचा असलेल्या बायका वेगळ्या काढल्या. त्यांची नवी कार्डं शोधली. त्यातली किती 'गाव सोडले'मध्ये गेली ते पाहिलं. त्रेचाळीस निघाली. त्याने पुन्हा मोजली. त्रेचाळीसच.

मग त्या बायका त्याला दिसायला लागल्या. भूत बघितल्यासारखं नाही, साधंच, दिवसाढवळ्या. एसटी स्टँडवर एखादी पदराने हात झाकून उभी असली की हा थांबून तिच्या हाताकडे बघत राही. बाजारात तर तो एका बाईच्या मागे पार विहिरीपर्यंत गेला. तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. तिने वळून विचारलं, "काय पायजे?" आणि फडकं सोडलं, तर आत मेंदी. देवमन घाबराघुबरा होऊन परत फिरला. जेवताना घास तोंडाशी नेला की आपली पाच बोटं त्याच्या नजरेस पडत. पाचही वाकत होती, पाचांनाही गरम भाकरीचा चटका कळत होता.

तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तायडे, तुमची वही नागपूरला छापायला गेलीय. पुढच्या महिन्यात सगळ्या केंद्रांना वाटणार."

"म्हणूनच सांगतो, साहेब. थांबवायला पाहिजे."

"मी पत्र लिहितो. तुम्ही त्रेचाळिसांची यादी करा. 'गाव सोडले' झालेल्यांची नोंदणी नव्याने करावी लागते, ते तुम्हाला माहीत आहे. तपासणी शिबिर दिवाळीनंतर घेऊ."

"दिवाळीनंतर म्हणजे दोन महिने. त्या धनजच्या बाईच्या एका हाताला फडकं आहे, साहेब. दुसरा..."

"नियम काय उगाच केलेत का?" डॉक्टर हळूच म्हणाले. "न तपासता गोळ्या दिल्या आणि काही झालं, तर?"

नियम उगाच केलेले नव्हते. देवमनला ते तोंडपाठ होते, अर्धे त्यानेच वहीत उतरवले होते. त्याने मान हलवली, बाहेर आला, कपाटातून महिन्याभराच्या गोळ्यांच्या दोन पुड्या काढल्या आणि साठ्याच्या वहीत आपल्या अक्षरात लिहिलं: धनज, गोजरा, जुनी रुग्ण. खाली सही केली. अठरा वर्षांच्या नोकरीत नियम मोडून केलेली ती त्याची पहिली सही. मग त्याने गोजराचं नवं कार्ड डब्यातून काढून खिशात ठेवलं. डब्यातलं कार्ड बाहेर न्यायचं नाही, हा नियम तर त्याने स्वतःच पाटीवर लिहून डब्यावर ठोकला होता.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. धनजच्या फाट्यावर देवमन एसटीतून उतरला तेव्हा मोहनसिंग सायकल घेऊन उभा होता. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झालेली.

गोजराच्या भावाचं घर गावाच्या मधोमध, ओटा सारवलेला. भाऊ बबनराव वावरात गेला होता. त्याची बायको मनकर्णाबाई दारात आली. मोहनसिंगला तिने ओळखलं, देवमनला आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत वरून धार धरली. देवमन प्यायला. तो लहानपणापासून असं पाणी प्यायला शिकलेला होता, पुढे छप्पनला दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी सांगितलं होतं की आता असं प्यायचं नाही. आज त्याच्याकडे त्या भांडणाला वेळ नव्हता.

"गोजराबाई कुठं आहेत?" त्याने विचारलं.

मनकर्णाबाईने हनुवटीने दाखवलं. "मांगं. कोठ्यात."

घरामागे बैलांचा कोठा होता. त्याच्या एका टोकाला तुराट्यांचा कूड घालून चार हात जागा वेगळी काढली होती. चूल होती, एक गोधडी होती, दोरीवर लुगडं वाळत होतं. कुडाला खुंटीवर एक लोटा अडकवलेला, त्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली, घरातल्या कोणी चुकून उचलू नये म्हणून. वेगळा लोटा ओळखायला देवमनला कोणी शिकवावं लागत नव्हतं. त्याची आजी कामाला जाई त्या घरांच्या दारांत तिच्यासाठी असे तीन होते. या घराने त्याला ओंजळीत पाणी पाजलं होतं आणि आपल्याच लेकीला त्याच्याही पलीकडे नेऊन बसवलं होतं.

गोजराबाई चुलीपाशी बसली होती. पाहुणे पाहून तिने मनगटाने पदर डोक्यावर ओढला. उजव्या हाताला फडकं होतं. तीस-बत्तीसची असेल, पण बसणं म्हातारीचं.

"हे तायडेबाबू," मोहनसिंग म्हणाला. "डबा याह्यच्याजवळ असते."

ती देवमनकडे वळली. "मंग हाय न माह्यं कार्ड?"

"आहे," देवमन म्हणाला आणि खाली बसला. कार्ड खिशातून काढून त्याने तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

"हाताले काय झालं?"

"तवा उचलला. गरम व्हता, मले कायी समजलं नाई. वास आला तवा समजलं." जेवणाखाण्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "दोन बोटं तवाच गेली. एक मांगून गेलं. आता डाव्या हाताची करंगई बी सुन्न पडून राह्यली."

"गोळ्या कवा सरल्या?"

"लय दिस झाले. सरत आल्या तवा म्या अर्धी अर्धी करून खाल्ली. मंग पाव. शेवटची त जिभंवर ठेऊन चाटो, अन् पुन्हा पुडीत बांधून ठेवो."

मोहनसिंग मधेच बोलला. त्याचा आवाज चढला होता, पण राग कोणावर होता ते त्यालाही ठाऊक नसावं. "अवो बाई, मी दर महिन्याले तुह्या घरावरून जातो. दोन साल झाले जाऊन राह्यलो. एक आवाज काहून नाई देला?"

"मी बसो न दारात. तुमी गावात शिरले का मी पुढच्या दारात येऊन बसो. वैनी कावे, तरी बसो. तुमी कागद पाहो अन् पुढं जाओ. मले वाटलं, कागदात मी बरी झाली असन. हात पाहो त बोट वाकडंच. मंग म्हटलं, कागदवाल्याइले जास्त समजते. आपून काय सांगावं?"

मोहनसिंग उठून सायकलीपाशी गेला. तिथे उभा राहून तो उगाच घंटी दाबून पाहू लागला.

देवमनने जे बोलायचं ते एसटीत दहादा मनात घोळवलं होतं. ते बाजूला ठेवून तो सरळच बोलला.

"गोजराबाई, कागदात तुमी बऱ्या झाल्या नव्हत्या. कागदात तुमी गाव सोडून गेल्या व्हत्या."

"कोनतं गाव?"

"शिरपूर."

"ते त सोडलंच. म्या नाई सोडलं, त्याइनं सोडवलं. पन धनज कवा सोडलं म्या?"

"धनज मी लिव्हलंच नव्हतं." देवमनने कार्ड जमिनीवर ठेवलं. "पहिलं लिव्हलं व्हतं. मंग नवीन पद्धत काढली, तिच्यात बाईचं एकच गाव मावे. म्या सासरचं ठेवलं, माहेरचं काढून टाकलं. मोहनसिंगची चूक नाई, डॉक्टरची नाई. वही माही आहे. मी चुकलो."

गोठ्यात बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. गोजराबाई रडेल असं देवमनला वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. दोन्हींची त्याने तयारी केली होती.

"माह्यासारख्या किती हायत?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस."

"मंग तुमी इथं काहून बसले?" ती म्हणाली. "जा न."

देवमनने घाईने पुड्या काढल्या, रोज एक, जेवणावर, असं समजावलं. तिला ते त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पोचपावतीचा कागद काढून त्याने शाईची डबी उघडली.

"अंगठा उठत नाई माहा," ती म्हणाली. "कातडं जळेल हाय. पेन द्या. तिसरीपर्यंत शिकेल हाय मी, याच गावात."

त्याने पेन दिलं. तिने ते दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरलं, कागद गुडघ्याखाली दाबला आणि खाली वाकली. एकेक अक्षर काढायला तिला इतका वेळ लागला की मोहनसिंग सायकल सोडून परत आला आणि उभाच राहिला. मदत करू का, असं दोघांपैकी कोणीही विचारलं नाही. अक्षरं वेडीवाकडी पण ठसठशीत आली. नवऱ्याचं नाव तिने घातलं नव्हतं. 'गोजरा ग्यानबा, धनज.' ग्यानबा तिच्या बापाचं नाव.

पुढचे सहा महिने देवमन आणि मोहनसिंग गावोगाव फिरले. सेवादासही आले. आपल्या हाताने लिहिलेला प्रत्येक शेरा ते पुन्हा जाऊन तपासत होते. डॉक्टर एकदा साठ्याच्या वहीतल्या सह्या पाहत बराच वेळ बसले. मग त्यांनी त्या प्रत्येक सहीखाली आपली सही केली आणि वही परत दिली. होळीपर्यंत एकोणतीस बायका सापडल्या, कोणी भावाच्या कोठ्यात, कोणी बहिणीच्या गावी, एक तर कारंज्यातच, केंद्रापासून चार गल्ल्या पलीकडे. गोजराबाईची करंगळी गेली, पण डावा हात वाचला. नागपूरला पत्र पोचायच्या आधी वही छापून झाली होती. तेव्हा गावांच्या पानावर चिकटवायच्या चिठ्ठ्या देवमनने हाताने लिहून पाठवल्या. जुनी वही उतरवून नेलेल्या चारही केंद्रांनी तिसरीही नेली होती, त्यांना त्याने पोस्टकार्डं टाकली. दोघांची उत्तरं आली.

चौथी वही त्याने अठ्ठ्याहत्तरला केली. तिच्यात बायकांसाठी माहेरच्या गावाची भोकं वेगळी ठेवली, मोकळी राहिलेली भोकं त्यातच गेली. शेवटच्या पानावर मात्र एक प्रश्न असा होता, ज्याच्यापुढे भोकाचा आकडाच नव्हता. 'कोणत्याच गावात न पडणाऱ्या बायका. दाभण वापरू नये. एकेक कार्ड हातात घ्यावे, नाव वाचावे.' नवे आलेले डॉक्टर ते पाहून हसले. एका मिनिटाचं काम दोन दिवस कशाला करता, म्हणाले. देवमनने पद्धत बदलली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो सगळी कार्डं टेबलावर घेऊन बसे. सापडलेल्यांची नावं मनातल्या मनात वाचून बाजूला ठेवी. न सापडलेल्यांची चौदा उरत. ती तो मोठ्याने वाचायचा, आधी नाव, मग नवऱ्याचं गाव, मग बापाचं गाव. हजेरी घेताना मास्तर थांबतो तसा प्रत्येक नावानंतर थोडा थांबायचा आणि मगच पुढचं कार्ड उचलायचा. रंगूबाई तेवढा वेळ झाडू हातात धरून उंबऱ्यावर उभी राहायची.